मशीन तुमचं, चावी कुणाची?

घरी स्टिकर, पत्रिका, वाढदिवसाचं डेकोरेशन करायला छोटं कटिंग मशीन घ्यायचंय, आणि तुम्ही फक्त किंमत नि रुंदी बघताय? थांबा, आधी इतिहास ऐका. या मशीनवरून जी मोठी भांडणं झाली, ती ब्लेडवरून नाही, सॉफ्टवेअरवरून झाली.

बाइकवर रेडियम लावणाऱ्या दुकानात जे मशीन दिसतं, ते याचं थोरलं भावंड. अमेरिकेतल्या गर्बर कंपनीनं १९८३ मध्ये ‘साइनमेकर’ आणलं. कीबोर्डवर अक्षरं टाइप करायची, व्हिनाइलमधून कापून मिळायची. हातानं पाट्या रंगवणाऱ्यांचा धंदा तिथून बदलायला लागला.

२००० च्या दशकाच्या मध्यात युटा राज्यातल्या प्रोव्हो क्राफ्टनं ‘क्रिकट’ काढलं. कॉम्प्युटरची गरज नाही, पण डिझाइन कार्ट्रिजमध्ये बंद. नवं चित्र हवं? नवं कार्ट्रिज विकत घ्या. मग ‘शुअर कट्स अ लॉट’, ‘मेक द कट’ अशी बाहेरची सॉफ्टवेअर आली आणि लोक स्वतःची चित्रं कापायला लागले. २०११ च्या सुमारास कंपनी कोर्टात गेली. शेवटी त्या सॉफ्टवेअरमधून क्रिकटचा सपोर्ट निघाला.

पुढे कार्ट्रिज गेलं, क्लाउड आला. मार्च २०२१ मध्ये क्रिकटनं जाहीर केलं: फुकट वापरणाऱ्यांना महिन्याला फक्त २० चित्रं अपलोड करता येतील, जास्त हवी तर सबस्क्रिप्शन. म्हणजे पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या मशीनवर नंतर मर्यादा! लोक इतके भडकले की आठवड्याभरात कंपनीनं निर्णय मागे घेतला. निर्णय गेला, पण तो घेता येतो हे सगळ्यांना कळलं.

मग निवडायचं कसं? क्रिकटचं ॲप शिकायला सोपं, पण खातं लागतं आणि बरंचसं काम इंटरनेटवर चालतं. सिल्हूएटचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर ऑफलाइन चालतं. मात्र एसव्हीजी फाइल उघडायला त्याची पैसे देऊन घ्यायची आवृत्ती लागते. ब्रदरच्या ‘स्कॅनएनकट’मध्ये स्कॅनरच आहे, कागदावर काढलेलं चित्र कॉम्प्युटरशिवाय कापता येतं.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून माझा सल्ला एकच: दुकानात डेमो बघताना वायफाय बंद करायला सांगा. त्यानंतर मशीन जेवढं काम करेल, तेवढंच खरं तुमचं. भेटू पुढच्या भागात!