अर्थशास्त्र पदवीचे प्रथम वर्ष : केंब्रिजमधील आरंभ

प्रथम वर्षापासून अर्थशास्त्र हाच मुख्य विषय घेण्याची सोय केंब्रिज विद्यापीठात १९०३ साली झाली. तत्पूर्वी हा विषय नीतिशास्त्र आणि इतिहास यांच्या अभ्यासक्रमांत दुय्यम स्थानी होता. स्वतंत्र 'ट्रायपॉस'साठी प्रा. आल्फ्रेड मार्शल यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले; ते स्वतः मूळचे गणिताचे पदवीधर! मात्र हे नवे दार सर्वांना सारखे खुले नव्हते. विद्यार्थिनींना परीक्षेस बसता येई, पण पूर्ण पदवी १९४८ पर्यंत मिळाली नाही. १८९६-९७ मध्ये त्यांना पदवी देण्यास विरोध करणाऱ्यांत मार्शलही होते. ही विसंगती नजरेआड करता येत नाही. कारण १८७४ मध्ये नीतिशास्त्राची ट्रायपॉस परीक्षा देऊनही पदवीविना राहिलेल्या त्यांच्या पत्नी मेरी न्यूनम महाविद्यालयात अर्थशास्त्रच शिकवीत होत्या.