होनोरियाबाई लॉरेन्स: तंबूतला संसार



लखनौच्या वेढ्यात १८५७ साली मरण पावलेले हेन्री लॉरेन्स इतिहासाच्या पुस्तकात आपल्याला भेटतात. त्यांच्या पत्नी होनोरियाबाई मात्र क्वचितच.

आयर्लंडहून त्या १८३७ साली कलकत्त्यास आल्या व तोफखान्यातील हेन्रींशी त्यांचे लग्न झाले. हेन्री तेव्हा जमिनीच्या मोजणीवर असत, म्हणून संसार तंबूतच थाटला. पतीच्या लेखनाला हातभार लावायचा, स्वतःची रोजनिशी लिहायची आणि त्यातच थोरल्या अलेक्झांडरला वाढवायचे! पुढे हेन्री नेपाळात रेसिडेंट झाले, तेव्हा काठमांडूत राहणाऱ्या त्या पहिल्या युरोपीय स्त्री ठरल्या.

१८४१ साली त्यांची तान्ही लेटिशिया देवाघरी गेली. मैदानातल्या बराकींत उन्हाने, तापाने गोऱ्या शिपायांची मुले दगावत, हेही त्या पाहत होत्या. या मुलांना डोंगरावर न्यावे, असे पतिपत्नींनी ठरवले. १८४७ साली कसौलीजवळ सनावर येथे १४ मुलामुलींनिशी आश्रम सुरू झाला. (देशी शिपायांच्या लेकरांना तेथे जागा नव्हती, हे आम्हांला खटकते.) ती शाळा आजही चालू आहे.

१८५४ च्या जानेवारीत माउंट अबू येथे त्या प्रभूकडे गेल्या. धाकटी मुलगी तेव्हा अगदी लहान होती.