प्रतिकाराच्या खुणा : बलात्काराच्या खटल्यांतील पुराव्याचा इतिहास

बलात्कारविषयक कायद्याचा इतिहास सांगताना अभ्यासक बहुधा दंडसंहितेतील फेरबदलांची नोंद करून थांबतात. व्याख्या रुंदावली, शिक्षा वाढली, असा तो वृत्तान्त असतो. प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे ते निराळे. स्त्रीचे म्हणणे खरे मानण्यापूर्वी न्यायालयाने तिच्याकडे काय मागितले, हा आमच्यापुढील प्रश्न होय.

भारतीय दंडसंहिता १८६० साली संमत झाली व १८६२ पासून अमलात आली. तिच्या ३७५ व्या कलमात स्त्रीच्या ‘इच्छेविरुद्ध’ आणि तिच्या ‘संमतीवाचून’ ही पदे होती. तिने झुंज दिली पाहिजे, असे त्यात कोठेही म्हटलेले नव्हते. उलट, इजेच्या भयाने दिलेली आणि समोरच्यास तसे भय ठाऊक असलेली संमती ही संमतीच नव्हे, असे ९० वे कलम सांगत होते. मग अंगावरील ओरखड्यांची मागणी आली कोठून? आमच्या मते ती दंडसंहितेतून आलेली नाही. पुराव्याचा कायदा, न्यायवैद्यक आणि न्यायालयांचा परिपाठ या तिहींतून ती आली. १८७२ च्या पुरावा अधिनियमातील कलम १५५(४) अन्वये फिर्यादी स्त्री सर्वसाधारणपणे दुर्वर्तनी आहे, असे दाखवून तिची साक्ष डळमळीत करण्याची मुभा आरोपीस होती. गुन्ह्यातील साथीदाराच्या जबानीला जसा दुजोरा शोधावयाचा, तसाच तो या स्त्रीच्या जबानीलाही शोधण्याची न्यायाधीशांची रीत होती. शरीरतपासणीत योनिपटलाच्या जुन्या विदारणाची नोंद होई व तिच्यावरून स्त्री ‘संभोगास सरावलेली’ असल्याचा निष्कर्ष निघे. घटनेशी या निष्कर्षाचा संबंध काय, हे क्वचितच विचारले जाई.

या रीतीस सर्वोच्च न्यायालयाने लवकरच मर्यादा घातली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. ‘रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य’ या १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या निर्णयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस (पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश) यांनी पीडित स्त्री ही साथीदार नव्हे, असे स्पष्ट केले. मात्र दुजोऱ्याची गरज त्यांनी सावधगिरीचा नियम म्हणून शिल्लक ठेवली, आणि व्यवहारात ही सावधगिरीच पुढे वरचढ ठरली.

ती कशी वरचढ ठरली, हे ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात दिसते. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात ही घटना घडली. मुलगी आदिवासी, अनाथ, मोलमजुरी करणारी. वैद्यकीय अंदाजानुसार वय १४ ते १६. भावाने दिलेल्या तक्रारीच्या चौकशीसाठी तिला ठाण्यात आणले होते. इतरांना जावयास सांगून तिला मागे ठेवण्यात आले. दुसऱ्या दिवशी रात्री तपासणी झाली, तेव्हा अंगावर इजा आढळली नाही. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये दोघा पोलिसांना निर्दोष सोडले. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठाने तो निर्णय फिरविला : भयाने शरीर निमूटपणे स्वाधीन करणे म्हणजे संमती नव्हे, असा त्याचा आशय होता. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना पुन्हा मुक्त केले. इजेच्या खुणा नाहीत, म्हणून तीव्र प्रतिकाराची कथा खोटी, अशी त्या निर्णयाची विचारसरणी होती. रात्रीच्या वेळी पोलीस ठाण्यात एकटी राहिलेली मुलगी आणि गणवेषधारी शिपाई यांच्यातील बळाचा फरक या युक्तिवादात जमेस धरलेलाच नाही. निवाडा-संग्रहांत मुलीचे नाव उघड छापले गेले, आणि खटला आजही त्याच नावाने ओळखला जातो. येथे ते आम्ही मुद्दामच टाळले आहे.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार या कायद्याच्या चौघा अध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. निमूट राहणे आणि संमती देणे यांतील भेद त्यांनी पुन्हा मांडला. १९८० च्या आरंभी मुंबईसह अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या.

१९८३ च्या दुरुस्तीने पुरावा अधिनियमात कलम ११४-अ घातले. पोलीस वा अन्य अधिकारी यांच्या ताब्यातील स्त्रीवरील बलात्कारात संभोग सिद्ध झाला आणि स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे न्यायालयात सांगितले, की न्यायालयाने तसेच गृहीत धरावयाचे. खटला बंद दालनात चालविण्याची तरतूद व नाव छापण्यास मनाई हीही त्याच दुरुस्तीतली. पण कलम १५५(४) ला तिने हात लावला नाही! ते २००२ च्या अखेरीस, म्हणजे अमलात आल्यापासून १३० वर्षांनी रद्द झाले.

देसाईगंजच्या निकालाला संसदेचे सरळ उत्तर २०१३ साली मिळाले. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही, असे ३७५ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात लिहिले गेले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमात ते कायम आहे.

दवाखान्यातील रीत मात्र इतक्या सहजी बदलली नाही. ‘दोन बोटांची चाचणी’ स्त्रीच्या प्रतिष्ठेस बाधक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच म्हटले होते. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी झारखंडातील एका खटल्यात त्याच न्यायालयास तेच पुन्हा सांगावे लागले; अशी चाचणी करणारी व्यक्ती गैरवर्तनाबद्दल दोषी ठरेल, असेही त्याने बजावले. त्याच निर्णयात वैद्यकीय महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमांची फेरतपासणी करण्याचा आदेश आहे.