बिग बॉसचं घर : भांडण येतं कुठून?



आज एका घराचा इतिहास सांगायचा आहे. या घराचं स्वयंपाकघर, पलंग, अंगण आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिलेलं आहे, पण उंबऱ्यात पाऊल मात्र कुणीच ठेवलेलं नाही. हे घर म्हणजे ‘बिग बॉस’चं घर.

रेडिओवर हा विषय कशाला, असं कुणी विचारेल. आम्ही दिघीत राहतो. एका बाजूला भोसरीची एमआयडीसी, पुढे चाकण, दुसऱ्या बाजूला आळंदी. कंपनीत कामाला आलेल्या मुली इथे चौघी-पाचजणी मिळून एक खोली घेतात. भाडं वाटून, गॅस वाटून राहतात. अशी खोली दाखवताना एखादा मालक हसत म्हणतो, “चार बायका एका छपराखाली? बिग बॉस होणार बघा.” बचत गटाच्या बैठकीत दोघींचा आवाज चढला की दारातून जाणारा म्हणतो, “झालं यांचं बिग बॉस सुरू.” म्हणजे बायका एकत्र आल्या की भांडणारच, याला पुरावा म्हणून टीव्हीवरचं ते घर दाखवलं जातं. म्हणून आम्ही ठरवलं, त्या घरातलं भांडण येतं कुठून ते एकदा नीट बघू.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. ॲरिझोना राज्याच्या वाळवंटात सुमारे तीन एकरांवर काचेचं एक मोठं बंदिस्त आवार बांधलं होतं. नाव ‘बायोस्फिअर २’. २६ सप्टेंबर १९९१ रोजी चार बाया आणि चार पुरुष आत गेले आणि दार बंद झालं. दोन वर्षं आतच पिकवायचं, आतच खायचं, असा प्रयोग होता. धान्य कमी पडू लागलं, सगळ्यांची वजनं उतरली. पुढे आतला प्राणवायू इतका घटला की तो बाहेरून सोडावा लागला. आणि या आठ शिकल्यासवरल्या, निवडून घेतलेल्या माणसांचे दोन तट पडले. चार इकडे, चार तिकडे, आणि दोन्ही बाजूंचं आपसांत बोलणंही जेमतेम उरलं. बंद दार आणि अपुरं धान्य, एवढ्यावर हे झालं. त्यात बाई-पुरुष असा भेद नव्हता, शिकलेले-अडाणी असाही नव्हता.

नेदरलँड्समधले टीव्ही निर्माते जॉन द मोल यांच्या मंडळींना या प्रयोगावरून कार्यक्रम सुचला. एका घरात अनोळखी माणसं ठेवायची, कॅमेरे लावायचे, बाहेरचा संपर्क तोडायचा आणि एकेकाला बाहेर काढत जायचं. १६ सप्टेंबर १९९९ रोजी तिथे ‘बिग ब्रदर’ सुरू झाला. हे नाव घेतलं जॉर्ज ऑरवेल यांच्या १९४९ सालच्या ‘१९८४’ या कादंबरीतून. त्या कादंबरीत ‘बिग ब्रदर’ म्हणजे चोवीस तास प्रजेवर नजर ठेवणारी सत्ता. लेखकानं ते नाव धोक्याचा इशारा म्हणून लिहिलं होतं, टीव्हीवाल्यांनी ते करमणुकीला लावलं. पुढे पन्नासहून अधिक देशांनी हा साचा विकत घेतला.

सुरुवातीला या घरात साधी माणसं असायची. मग ब्रिटनमध्ये २००१ साली प्रसिद्ध व्यक्तींना घेऊन खेळ झाला. प्रसिद्ध माणूस घेण्यात टीव्हीचा फायदा असतो. त्याचं नाव लोकांना आधीच ठाऊक असतं. पडद्यावर नटून-थटून दिसणारी बाई खरकटी भांडी घासताना, चहा-साखरेवरून चिडताना कशी दिसते, याचं कुतूहल असतं. भारतात ३ नोव्हेंबर २००६ रोजी सोनी वाहिनीवर ‘बिग बॉस’ आला, तो सुरुवातीपासून नावाजलेल्या लोकांना घेऊनच. अर्शद वारसी सूत्रसंचालक होते आणि राहुल रॉय जिंकले. घर होतं लोणावळ्यात, म्हणजे आपल्याच पुणे जिल्ह्यात. मराठी ‘बिग बॉस’ कलर्स मराठीवर १५ एप्रिल २०१८ रोजी सुरू झाला, त्याचं पहिलं घरही लोणावळ्यातच होतं. महेश मांजरेकर सूत्रसंचालक होते आणि मेघा धाडे जिंकली.

आता घराचे नियम बघू. आत फोन नाही, घड्याळ नाही, वर्तमानपत्र नाही. अंगावर सतत माइक. दिवसा झोपायचं नाही. स्वयंपाक, झाडलोट, भांडी सगळं आपलं आपण. शिधा मोजका, आणि तो वाढवून हवा असेल तर ‘टास्क’ म्हणजे सांगितलेलं काम जिंकायचं. पाचव्या पर्वात तर घरातलं वेगळं चलनच काढलं होतं. ते कमवायचं आणि त्यातून सामान घ्यायचं. एक कॅप्टन नेमलेला असतो, त्याला सवलती असतात, म्हणून त्या जागेसाठी ओढाताण होते.

सगळ्यात महत्त्वाचा नियम नॉमिनेशनचा. घराबाहेर कुणी जावं, याची नावं सदस्यांनीच द्यायची असतात. नाव घेताना कारणही सांगावं लागतं. एरवी हे गुपचूप, वेगळ्या खोलीत चालतं, आणि त्याबद्दल आपसांत चर्चा करायची मनाई असते. कधी मुद्दाम सगळ्यांसमोर नावं घ्यायला लावतात. विचार करा, दर आठवड्याला घरातल्या दोन माणसांची उणीदुणी शोधून सांगणं हेच तुमचं काम असेल, तर तुम्ही जेवायला बसतानाही काय बघाल? कोण जास्त वाढून घेतं, कोण ओटा पुसत नाही, हेच.

आपल्या गटाशी हे ताडून बघा. गटातही पैसा थोडा आणि गरजू जास्त. पण कर्ज कुणाला द्यायचं ते सगळ्यांसमोर ठरतं, रजिस्टरमध्ये लिहिलं जातं, हप्ता चुकला तर बाईला समोर विचारलं जातं आणि तिला उत्तर देता येतं. त्या घरात टंचाई आहे, पण उघड हिशेब नाही आणि वाद मिटवायची बैठकही नाही. शनिवार-रविवारी सूत्रसंचालक येऊन बोलतात, पण वाद मिटला तर पुढच्या आठवड्यात दाखवायचं काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे असतोच.

स्वयंपाकघरातल्या वादाची एक गोष्ट जगभर गाजली. जानेवारी २००७ मध्ये ब्रिटनच्या ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये शिल्पा शेट्टी गेली होती. तिथे जेड गुडी नावाची बाई होती. गरिबीत वाढलेली, याच कार्यक्रमाच्या साध्या माणसांच्या पर्वातून पुढे आलेली. रश्शात घालायच्या मसाल्याच्या वड्यांवरून दोघींचं मोठं भांडण झालं. जेड आणि तिच्या सोबतिणी शिल्पाच्या नावाबद्दल, बोलण्याबद्दल, रांधण्याबद्दल हिणवून बोलल्या. हा वर्णद्वेष आहे म्हणून तिथल्या प्रसारण नियामकाकडे चाळीस हजारांहून अधिक तक्रारी गेल्या. शिल्पा ६३ टक्के मतांनी जिंकली. जेडची देशभर छी-थू झाली. ती वाईट बोलली, हे खरंच आहे. पण ते बोलणं निवडून, जोडून, रोज रात्री दाखवणारी वाहिनी त्या काळात भरपूर पाहिली गेली.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट २००८ मध्ये, हिंदी ‘बिग बॉस’चं दुसरं पर्व आलं. सूत्रसंचालक होती शिल्पा शेट्टी, आणि घरात पाहुणी म्हणून बोलावली जेड गुडीला. जुनं भांडण पुन्हा कामाला लावलं होतं. पण जेड आत गेली आणि एक-दोन दिवसांतच तिच्या तपासणीचा अहवाल आला. तिला कन्फेशन रूममध्ये बोलावून सांगण्यात आलं, की तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग आहे. ती घर सोडून मायदेशी गेली. २२ मार्च २००९ रोजी ती वारली. वय अवघं २७, मागे दोन लहान मुलं. तिच्या आजाराची बातमी ऐकून ब्रिटनमध्ये लाखो बाया ही तपासणी करून घ्यायला पुढे आल्या. मैत्रिणींनो, जाता जाता सांगतो, ही तपासणी आपल्याकडेही सरकारी आरोग्य केंद्रांत होते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीनं आशाताईंना त्याबद्दल विचारावं.

आता निवडून दाखवण्याबद्दल. दिवसाची मिनिटं १,४४०. जाहिराती वगळून आपल्याला दिसतात साधारण ४५. म्हणजे शंभरातली तीन. उरलेल्या सत्त्याण्णव मिनिटांत कुणी कुणाच्या डोक्याला तेल लावलं असेल, तापात पेज करून दिली असेल, नुसतं गप्प बसून भाजी निवडली असेल. ते दिसत नाही. २०२४ च्या पर्वात वर्षा उसगांवकर यांच्यासारख्या ज्येष्ठ अभिनेत्रीशी तरुण मुली उर्मट बोलल्या, तेव्हा रितेश देशमुख यांनी ‘भाऊच्या धक्क्या’वर त्यांना खडसावलं. ते योग्यच झालं. पण उर्मट बोलणंही दाखवलं गेलं आणि खडसावणंही दाखवलं गेलं. कार्यक्रमाला दोन्हींचा उपयोग झाला.

घरात जाणाऱ्याची बाहेरची पत, तीही तिथे पणाला लागते. २०२१ च्या पर्वात तरुण कीर्तनकार शिवलीला पाटील गेल्या, तेव्हा वारकऱ्यांतून नाराजी उमटली. तब्येतीच्या कारणानं त्या लवकर बाहेर आल्या आणि त्यांनी वारकऱ्यांची माफी मागितली. आळंदीच्या इतक्या जवळ राहणाऱ्या आम्हाला ती चर्चा चांगली आठवते. गाव दोन्ही बाजूंनी बोलत होतं. कीर्तन करणाऱ्या किती पुरुषांना अशी माफी मागावी लागते, असं आमच्यातल्या काहीजणी विचारत होत्या.

आणि चांगलंही घडतं, ते का लपवावं? बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण, आईबाप नसलेला, बहिणींच्या आधारानं वाढलेला, ६ ऑक्टोबर २०२४ रोजी जिंकला. त्याला १४ लाख ६० हजार रुपये मिळाले. गावोगावच्या लोकांनी त्याला आपला मानून मत दिलं. मात्र पहिल्या पाच पर्वांत जिंकलेली बाई एकच, मेघा धाडे. भांडणाच्या चर्चेत बायांचीच नावं पुढे, आणि बक्षिसाच्या यादीत चार पुरुष.

पैसा कुठून येतो? जाहिरातीतून. किती लोक बघतात त्यावर जाहिरातीचा भाव ठरतो. ते मोजायला बार्क ही संस्था देशभरातल्या निवडक घरांत मीटर लावते. मत द्यायला वाहिनीचं ॲप घ्यावं लागतं, म्हणजे आपला रिचार्ज आणि आपला वेळ. आपण चिडून बघितलं काय आणि आवडून बघितलं काय, मीटरवर दोन्ही सारखंच. २०१० साली केंद्र सरकारनं हिंदी ‘बिग बॉस’ला रात्री ११ नंतर हलवायचा आदेश काढला होता. वाहिनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि तिला दिलासा मिळाला. तेव्हा काय बघायचं, किती बघायचं, हे शेवटी घरातच ठरतं.

एकत्र राहणाऱ्या बायांचा आपल्या जिल्ह्यातला इतिहास मात्र फार वेगळा आहे. १८९६ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्याला नेला. केशवपन झालेल्या, माहेर-सासर दोन्हींना जड झालेल्या मुली तिथे एका छपराखाली राहिल्या, शिकल्या, शिक्षिका झाल्या. तिथेही कुरबुरी झाल्या असतीलच. पण तिथे एकीनं दुसरीला बाहेर काढायचं नव्हतं, सगळ्यांनी मिळून पुढे जायचं होतं. दरवर्षी माउलींची पालखी आमच्या दिघीवरून पुण्याकडे जाते. तिच्यासोबत चालणाऱ्या दिंड्यांत अनोळखी बाया पंढरपूरपर्यंत एका राहुटीत झोपतात, एका चुलीवर रांधतात. पाणी तिथेही कमी, जागा तिथेही कमी. पण पाण्याची पाळी ठरलेली असते आणि जायचं सगळ्यांना एकाच ठिकाणी असतं.

म्हणून कार्यक्रम बघू नका, असं आम्ही म्हणत नाही. दिवसभर राबून आलेल्या बाईनं रात्री घटकाभर टीव्ही बघितला तर त्यात गैर काही नाही. फक्त बघताना सोबतीला बसलेल्या मुलींना तीन प्रश्न विचारा. हे भांडण सुरू व्हायच्या आधी कोणती वस्तू कमी पडली होती? ती कमी कुणी केली? आणि हे मिटू नये असं कुणाला वाटतंय?

हेच प्रश्न आपल्या खोलीत, आपल्या गटातही चालतात. चाकणला कामाला जाणाऱ्या पोरींचं पाण्यावरून भांडण झालं, तर आधी नळाला पाणी किती वेळ येतं ते बघा आणि बादल्यांची पाळी लिहून भिंतीला लावा. गटात कर्जावरून शब्दाला शब्द लागला, तर रजिस्टर उघडून मोठ्यानं वाचा. आणि कुणी म्हणालंच, की बायका एकत्र राहूच शकत नाहीत, तर त्याला वाळवंटातल्या त्या काचघराची गोष्ट सांगा. तिथे पुरुषही होते.

पुढच्या बैठकीत आपल्या गटात यावर बोला आणि काय बोलणं झालं ते आम्हाला कळवा. येतो आम्ही. नमस्कार.