प्रार्थनेचे फळ (यहुदी धर्मविचार)

ईश्वर सर्वज्ञ आणि अविकारी असेल, तर माणसाच्या विनवणीने त्याचा निर्णय फिरतो का, हा यहुदी परंपरेतला जुना वाद. त्याचे एकच अधिकृत उत्तर नाही. मर्यादा मात्र धर्मशास्त्राने लवकरच आखली. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या धर्मनियमांच्या संग्रहातील ‘ब्राखोत’ हे प्रकरण, होऊन गेलेल्या गोष्टीसाठीची प्रार्थना व्यर्थ ठरवते. परतताना गावातून आक्रोश ऐकू आला, तर ‘तो माझ्या घरातला नसो’ असे मागू नये. रडणारे घर कोणाचे, ते आधीच ठरलेले असते. बायको गरोदर असताना मुलगा मागणेही त्यातलेच. मिश्नावरील चर्चा असलेल्या तालमूद या ग्रंथाने इथे पळवाट काढली: गर्भ ४० दिवसांचा होईपर्यंत मागायला हरकत नाही.

याच प्रकरणात हनीना बेन दोसा हा धर्मपुरुष येतो. तालमूदमधील कथेनुसार, रब्बान गमलिएल या धर्मगुरूचा मुलगा तापाने फणफणला, तेव्हा दोन विद्वान हनीनाकडे आले. तो माळ्यावर जाऊन प्रार्थना करून उतरला आणि ताप गेल्याचे त्याने सांगितले. विद्वानांनी वेळ टिपून ठेवली. नेमक्या त्याच घटकेला मुलाने पाणी मागितले होते. प्रार्थना तोंडून अडखळत आली, तर ती नाकारली गेली, हे हनीनाचे गमक. फळ आपल्या हाती आहे, असा दावा तो करत नाही.

पंधराव्या शतकात स्पेनमधील योसेफ आल्बोने तर्काने वाट काढली: प्रार्थनेने माणूस बदलतो, आणि आधीच्या माणसावरचा निवाडा या नव्या माणसाला लागू होत नाही. ईश्वराची अविकारिता यात शाबूत राहते, पण दुसऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेचे काय, हा प्रश्न अडतो. कब्बाला या यहुदी गूढवादाच्या अनुयायांना हा पेच तितका जाचत नाही. त्यांच्या मते प्रार्थना वरच्या दैवी विश्वांमध्ये खरोखर घडामोड करते. विसाव्या शतकात येशायाहू लाइबोविट्झ (१९०३–१९९४) यांनी दुसरे टोक गाठले: फळाची अपेक्षा ठेवून केलेली ती उपासनाच नव्हे, प्रार्थना हे निव्वळ कर्तव्य.

नित्यपाठही एकाच बाजूचा नाही. ‘अमिदा’ या मुख्य नित्यप्रार्थनेतील मधली १३ मागणी-वचने आरोग्य, पाऊसपाणी, न्याय मागतात, पण शब्बाथला, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी, ती गाळली जातात.

लोकश्रद्धेने तत्त्वज्ञांची वाट पाहिली नाही. कोकणातील मराठीभाषक बेने इस्रायल समाज आजही एलियाहू हन्नाबीला (प्रेषित एलियाला) नवस बोलतो आणि पोहे, खोबरे, फळे यांचा मलिदा करून तो फेडतो.