तबला वाट पाहत नाही

पन्नाशीतला माणूस गाणं शिकायला जातो म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, ‘आता या वयात कशाला?’ गाणं शिकायचं ते लहानपणीच, ही समजूत घराण्यांच्या काळातली. मुलगा उस्तादांच्या मागे तंबोरा धरून बसे, वर्षानुवर्षे ऐके, केव्हातरी त्याला सूर लावण्याची परवानगी मिळे. कचेरीत जाणाऱ्याला तिथे जागा कुठली?

ती जागा मुंबईत तयार झाली. १८७० मध्ये पत्रकार आणि नाटककार कैखुश्रू काबराजी यांनी पारशी गायन उत्तेजक मंडळी काढली. ज्यांचं पोट गाण्यावर नाही, अशा हौशी माणसांनी रीतसर शिकावं, हा हेतू. १८८४ मध्ये तिथे कॉलेजात शिकणारा एक मराठी तरुण आला. विष्णू नारायण भातखंडे. रावजीबुवा बेलबागकर आणि उस्ताद अली हुसेन यांच्याकडून त्यांनी ध्रुपद-ख्याल घेतले. पुढे वकील झाले. पत्नी १९०० मध्ये आणि मुलगी १९०३ मध्ये गेल्यावर मात्र उरलेलं आयुष्य गाण्यालाच दिलं. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईत. फी, वर्ग, वेळापत्रक. गंडा न बांधता गाणं शिकता येऊ लागलं.

पण वर्गात राग समजतो, पेलतो की नाही ते बैठकीत कळतं. मी बावन्नाव्या वर्षी शिकू लागलो. आमच्या गुरुजींकडे गुरुपौर्णिमेला शिष्यांची घरगुती बैठक असते. सतरंजी, एक तंबोरा, पंचवीस-तीस माणसं. आधी शाळकरी मुलं गातात (आणि बेधडक गातात!), मग आम्ही. माझ्या वाट्याला भूपातला छोटा ख्याल आला, दहा मिनिटं. मुशायऱ्यांत तीस वर्षं उभा राहिलेला मी. पण तिथे ओळ म्हणून थांबलो तर लोक पुढच्या ओळीची वाट पाहतात. तबला वाट पाहत नाही. सोळा मात्रा सरल्या की सम आलीच. दोन आवर्तनं घशाला कोरड होती. तिसऱ्या समेला कुणीतरी ‘वा’ म्हणालं, मुशायऱ्यातल्या दादेहून कितीतरी हळू, आणि मी सावरलो.

अम्मीही आली होती. आमच्या घरात गाण्याचा विषय निघत नसे. रेडिओ लागला तरी आवाज बारीक. परतताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, ‘पुन्हा कधी आहे?’

नवल वाटायला नको होतं. तिचं माहेर मिरजेचं. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर तिथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. उरुसात गवई तिथे येऊन हजेरी लावतात. लहानपणी बायकांच्या बाजूला बसून रात्र रात्र ऐकलेलं ते गाणं अम्मीने आम्हा मुलांना कधी सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं.