छप्पन केमधले गळालेले बिट

मोडेमच्या खोक्यावर ठळक अक्षरांत '५६के' छापलेलं असायचं. जोडणी झाली की स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा यायचा ४४, ४०, पाऊस असला तर ३१. लोक एक्सचेंजला शिव्या घालत, नाहीतर मोडेम विकणाऱ्याला. पण यात दुकानदाराच्या लबाडीचा भाग थोडाच होता. खरा मुद्दा हा, की ती तार मुळात इंटरनेटसाठी टाकलीच नव्हती.

ती टाकली होती बोलण्यासाठी. बोलणं समजायला साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा पुरतो, म्हणून टेलिफोन यंत्रणा तेवढाच पुढे नेई. १९६२ साली अमेरिकेत एटी अँड टीचा 'बेल १०३' मोडेम आला. त्याचा वेग सेकंदाला ३०० बिट. १९९१मध्ये १४,४००, १९९४मध्ये २८,८००, १९९६मध्ये ३३,६००. भारतात व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ला लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा डायल-अप ९,६००चं होतं. मग ही चढण अडली.

ती अडणार हे क्लॉड शॅननने १९४८मध्येच गणिताने सांगितलं होतं. पट्टा किती रुंद आणि सिग्नल गोंगाटापेक्षा किती वरचढ, यावरून कमाल वेग ठरतो. ३१०० हर्ट्झचा पट्टा आणि ३५ डेसिबलचा फरक धरा, उत्तर येतं सेकंदाला सुमारे ३६ हजार बिट.

मग ५६ हजार आले कुठून? डिजिटल झालेल्या एक्सचेंजमधून. तिथे तुमचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजून प्रत्येक माप ८ बिटांत लिहिलं जातं, म्हणजे ६४,००० बिट. लिहिताना माप जवळच्या पायरीवर ढकलावं लागतं. ही ढकलाढकल म्हणजेच गोंगाटाचा मोठा वाटा. इंटरनेट कंपनी थेट डिजिटल जाळ्याला जोडली, तर तिच्याकडून घराकडे येताना हे मोजणं टळतं. तरी तांब्याच्या तारेवर सगळ्या पायऱ्या वेगळ्या ओळखू येत नाहीत, अमेरिकेत तर एक बिट अधूनमधून फोनच्या संकेतांसाठी वापरला जाई. म्हणून ८ऐवजी ७ बिट धरले: ५६,०००. घराकडून जाताना मात्र मोजणं अटळ, त्यामुळे अपलोड ३३,६००वरच राहिला. आधी 'एक्स२' आणि 'के५६फ्लेक्स' अशी दोन तंत्रं भांडत होती. १९९८च्या 'व्ही.९०' मानकाने तो वाद मिटवला.

आता गळती मोजू. एका केबलमध्ये शेकडो जोड्या शेजारी-शेजारी असतात. एकीतला सिग्नल फार जोरात असला तर दुसरीतल्या बोलण्यात घुसतो. म्हणून अमेरिकेच्या एफसीसीने सिग्नलच्या ताकदीवर मर्यादा घातली होती, आणि तिच्यामुळे तिथे वेग ५३,३००च्या पुढे जाऊ शकत नव्हता. थोडक्यात, शेजाऱ्याचं बोलणं स्वच्छ राहावं म्हणून आपले काही बिट गेले. पुढे एक्सचेंजपासूनचं अंतर, गंजलेले जोड, डक्टमध्ये शिरलेलं पाणी. वाटेत ऑफिसचं ईपीएबीएक्स असेल आणि ते आवाज पुन्हा एकदा मोजत असेल, तर ५६केची युक्तीच संपली. मोडेम गुपचूप ३३,६०० किंवा त्याखाली उतरे.

शिवाय खोक्यावर बिट, डाउनलोडच्या खिडकीत बाइट. ८ बिटांचा एक बाइट. ४४ हजारांच्या जोडणीवर ५ एमबीचं एक गाणं यायला सगळं सुरळीत असूनही पंधरा मिनिटं लागत.

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकते. इंटरनेटचे तास आणि फोनचे पल्स घड्याळावर मोजले जात, बिटांवर नाही. एक्सचेंजच्या शेजारी राहणारा आणि केबलच्या शेवटच्या टोकाला राहणारा, दोघांना तासाचा दर एकच. पण तेच गाणं उतरवायला टोकाकडच्याला जास्त वेळ लागे, म्हणून त्याचं बिलही जास्त येई. खराब तारेची किंमत तार टाकणारा नव्हे, वापरणारा भरत होता.

आज प्लॅनच्या जाहिरातीत वेगाच्या आकड्यापुढे बारीक अक्षरांत 'पर्यंत' लिहिलेलं असतं. तो आकडा सर्वांत चांगल्या जागी उभ्या असलेल्या माणसाचा असतो. आपण कुठे उभे आहोत, हे आपलं आपण मोजायचं.